स्लीव्ह, बायपास की मिनी बायपास: वजनाचं ऑपरेशन निवडायचं कसं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात वजनाच्या ऑपरेशनची चौकशी बहुतेक वेळा एकाच वाक्यानं सुरू होते: "आमच्या नणंदेनं स्लीव्ह करून घेतलं, पंचवीस किलो उतरलं, मलाही तेच करायचंय." नणंदेचं वजन उतरलं ते खरंच. पण तिला ॲसिडिटी नसेल आणि तुम्हाला रात्री झोपेत आंबट पाणी घशाशी येत असेल, तर तिला लाभलेलं ऑपरेशन तुम्हाला त्रासात टाकू शकतं. वजन किती आहे यावरून ऑपरेशन करायचं की नाही हे ठरतं. कोणतं करायचं हे अन्ननलिका, रक्तातली साखर, तंबाखू आणि आयुष्यभर गोळ्या घेण्याची तयारी या चार गोष्टींवरून ठरतं. हा लेख त्याच क्रमानं पुढे जातो.

पहिली पायरी: आपण यात बसतो का?

वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये. वजनाला उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय निघतो. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ९८ किलो असेल तर १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६, आणि ९८ भागिले २.५६ म्हणजे ३८.३. आपल्याकडच्या शरीरात चरबी पोटाभोवती साठते आणि मधुमेह कमी वजनातच गाठतो, म्हणून भारतीयांसाठी मर्यादा खाली आणलेल्या आहेत. २०२२ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बीएमआय ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार नसला तरी ऑपरेशन सुचवता येतं, आणि आशियाई लोकांत २७.५ पासूनच त्याचा विचार करता येतो. व्यवहारात ३० ते ३५ च्या दरम्यान डॉक्टर आधी मधुमेह, रक्तदाब, घोरण्याचा आजार आहे का ते बघतात.

इथं एक खड्डा आहे, तो आधीच बघून ठेवा. विमा कंपनीची मोजपट्टी वेगळी आहे. विम्यावर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआय या सरकारी संस्थेनं ठरवून दिलेल्या कलमाप्रमाणे बीएमआय ४० किंवा जास्त हवा. नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयाच्या स्नायूचा लठ्ठपणामुळे झालेला आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया (घोरताना झोपेत श्वास थांबणं) किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांपैकी काहीतरी हवं, तेही साधे उपाय करून फरक पडला नाही तरच. म्हणजे ३३ बीएमआय असलेल्या माणसाला डॉक्टर योग्य तोच सल्ला देतील, पण बिल खिशातून भरावं लागेल. पॉलिसीतला प्रतीक्षा कालावधीही वाचा. आरोग्य कर्नाटक किंवा महाराष्ट्राच्या योजनेचं कार्ड हातात असेल तर ऑपरेशनचं नाव पॅकेजच्या यादीत आहे का, ते आरोग्यमित्राकडून तारीख ठरवण्याआधी लेखी घ्या.

दुसरी पायरी: आत नेमकं काय करतात

तिन्ही ऑपरेशनं दुर्बिणीतून, पोटाला चार-पाच छोटी भोकं पाडून होतात. भूल पूर्ण द्यावी लागते. आतलं काम मात्र प्रत्येकाचं वेगळं.

स्लीव्हमध्ये तोंडातून साधारण १२ ते १३ मिलिमीटर जाडीची नळी जठरात सोडतात. तिला धरून, जठराच्या खालच्या दारापासून चार-सहा सेंटिमीटर अंतर सोडून वरपर्यंत स्टेपलर चालवतात. स्टेपलर एकाच वेळी शिवतो आणि कापतो. बाहेरच्या बाजूचं सुमारे तीन चतुर्थांश जठर काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक राहते. काढलेल्या भागात भुकेचं संप्रेरक, म्हणजे घ्रेलिन, सर्वांत जास्त तयार होत असतं. त्यामुळे नुसती जागाच कमी होत नाही, भूकही मंदावते. आतड्याला हात लागत नाही. काढलेलं जठर परत बसवता येत नाही, हे लक्षात असू द्या.

या नळीचा एक स्वभाव समजून घ्या, कारण पुढची निवड त्यावर अवलंबून आहे. नळी अरुंद झाली, पण खालचं दार पूर्वीसारखंच घट्ट राहिलं. आत दाब वाढतो. तो दाब वरच्या टोकाला, अन्ननलिकेच्या सांध्याजवळ, धडका देतो. स्लीव्हची गळती झाली तर ती बहुतेक तिथंच होते आणि भरून यायला आठवडे लागतात. वर्षानुवर्षं आंबट पाणी वर चढण्याचं कारणही हाच दाब.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची पिशवी करतात. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं १० मिलीचं झाकण तीन वेळा भरलं की झाली तेवढी. उरलेलं जठर पोटातच राहतं, पण अन्न तिथं जात नाही. मग लहान आतडं कापून त्याचं एक टोक पिशवीला जोडतात आणि खाली दुसरा जोड देऊन पित्त आणि स्वादुपिंडाचा रस अन्नात मिसळतो. अन्नाची वाट साधारण १०० ते १५० सेंटिमीटर, पित्ताची ५० ते १०० सेंटिमीटर. जोड दोन, वाटा दोन.

मिनी बायपास, म्हणजे एकाच जोडाचा बायपास, १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झाला आणि भारतात बराच रुळला. यात पिशवी लांबट ठेवतात आणि आतड्याचा १५० ते २०० सेंटिमीटर पुढचा भाग वर आणून एकाच जागी जोडतात. वेळ कमी लागतो, वजन चांगलं उतरतं. पण पित्त थेट पिशवीच्या तोंडाशी येतं, आणि आतड्याचा मोठा तुकडा वगळल्यानं कुपोषणाची शक्यता वाढते. फ्रान्समध्ये २०० सेंटिमीटर वगळून केलेल्या मिनी बायपासची नेहमीच्या बायपासशी तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वजन दोन्हीकडे सारखंच उतरलं, पण जुलाब आणि पोषणाच्या तक्रारी मिनी बायपासमध्ये जास्त होत्या. म्हणून "किती सेंटिमीटर वगळणार?" हा प्रश्न सर्जनला आवर्जून विचारा. "मिनी" या शब्दावरून हे छोटं काम आहे असं समजू नका.

स्लीव्हनं पहिल्या दीड-दोन वर्षांत एकूण वजनाच्या साधारण २५ टक्के आणि बायपासनं ३० टक्क्यांच्या आसपास घट होते. वरच्या उदाहरणातल्या ९८ किलोच्या बाईचे स्लीव्हनं २४-२५ किलो उतरतील, बायपासनं २९ च्या आसपास. फरक चार-पाच किलोंचा. तेवढ्यासाठी कुणी ऑपरेशन बदलू नये, बदलायची कारणं पुढे येतात.

जठराला पट्टा बांधण्याची पद्धत आता जवळपास मागे पडली आहे. पोटात सोडायचा फुगा साधारण सहा महिन्यांनी काढावा लागतो. तो काढल्यावर बऱ्याच जणांचं वजन परत येतं, म्हणून ऑपरेशनच्या ऐवजी तो घेऊ नये. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइडची आठवड्याची इंजेक्शनं हा मात्र आज खरा पर्याय आहे. मोठ्या चाचण्यांत पहिल्यानं सरासरी १५ टक्के आणि दुसऱ्यानं पूर्ण मात्रेत २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. बंद केली की वजन परतायला लागतं. ही इंजेक्शनं घेत असाल तर भूलतज्ज्ञांना सांगाच, कारण जठर सावकाश रिकामं होतं आणि उपाशी असूनही आत अन्न उरलेलं असू शकतं.

तिसरी पायरी: आधी दुर्बीण, मग निर्णय

ऑपरेशन ठरवून मग तपासणी म्हणून एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका आणि जठर बघणं, असा उलटा क्रम ठेवू नका. एंडोस्कोपीचा अहवालच निवड करतो. अन्ननलिकेला सूज आहे का, असल्यास ए (सौम्य) पासून डी (सर्वांत तीव्र) पर्यंत कोणत्या दर्जाची, हर्निया, म्हणजे जठराचा भाग छातीत सरकलेला, आहे का, जठरात एच. पायलोरी जंतू आहे का, हे सगळं त्यात यायला हवं. सी किंवा डी दर्जाची सूज असेल किंवा अन्ननलिकेचं अस्तर बदललेलं असेल, ज्याला बॅरेट म्हणतात, तर स्लीव्ह बाजूला ठेवा. नेहमीचा बायपास हा स्वतःच आंबट पाण्यावरचा चांगला उपाय आहे, कारण ३० मिलीच्या पिशवीत आम्ल फारसं बनत नाही आणि पित्त खूप खाली मिसळतं.

फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपास झालेल्यांना दहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा अन्ननलिकेची सूज स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के आणि बायपासवाल्यांत ७ टक्के निघाली. त्रास जाणवत नसताना सूज असू शकते. त्यामुळे स्लीव्ह करून घेतलं असेल तर एका वर्षानं आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एंडोस्कोपी करायची, तक्रार असो वा नसो. चहा-पोह्यानंतर जळजळ होते आणि मेडिकलमधून गोळी आणून ती दाबली जाते, अशी माणसं "मला ॲसिडिटी नाही" असंच सांगतात. गोळी किती दिवस चालू आहे, तेही सांगा.

चौथी पायरी: साखर

मधुमेह पाच वर्षांच्या आतला असेल, इन्सुलिन सुरू झालं नसेल आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते दाखवणारी रक्ततपासणी) चांगलं असेल, तर ऑपरेशननंतर गोळ्या बंद होण्याची शक्यता बरीच असते. पंधरा वर्षांचा मधुमेह, दोन वेळा इन्सुलिन, सी-पेप्टाइड खाली, अशा माणसाची साखर सुधारते, औषध कमी होतं, पण पूर्ण सुटणं अवघड. साखरेसाठी बायपासचं पारडं थोडं जड आहे. अमेरिकेतल्या एका चाचणीत पाच वर्षांनी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६ किंवा खाली राहिलेल्यांचं प्रमाण बायपासमध्ये २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ टक्के आणि नुसत्या औषधांवर ५ टक्के होतं. दोन ऑपरेशनांतला फरक लहान आहे, ऑपरेशन आणि औषधातला मोठा. म्हणून साखर जुनी आणि हट्टी असेल आणि ॲसिडिटीही असेल, तर बायपासकडे जा. साखर नवी आणि अन्ननलिका स्वच्छ असेल तर स्लीव्हवरही चांगलं निभावतं.

घरी आल्यावर जुन्या सवयीनं ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू ठेवणं ही नेहमीची आणि धोक्याची चूक. जेवण चार घासांवर आलेलं असतं आणि साखर झपकन खाली जाते. डिस्चार्जच्या दिवशी मधुमेहाची आणि रक्तदाबाची प्रत्येक गोळी एकेक करून विचारा: चालू, अर्धी की बंद? लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळीबद्दल खास विचारा, कारण पाणी कमी पिण्याच्या दिवसांत ती अंगातलं पाणी आटवते.

पाचवी पायरी: मिश्री, विडी आणि कंबरेतली सुई

हा भाग इथल्या माणसांनी सर्वांत मन लावून वाचावा. बायपास आणि मिनी बायपासमध्ये पिशवी आणि आतड्याचा जो जोड असतो, त्याला नवीन रक्तपुरवठ्यावर जगायचं असतं. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं. जोडावर अल्सर होतो, तो वाहतो, कधी फुटतो. निपाणीकडे तंबाखू घरात, अंगणात, हाताला असतो. "तंबाखू घेता का?" विचारलं की बायका "नाही" म्हणतात आणि सकाळी दाताला मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. विडी, गुटखा, मिश्री, सगळं ऑपरेशनच्या किमान सहा आठवडे आधी सोडावं लागतं आणि बायपास केला असेल तर परत कधीच नाही. सुटण्याची खात्री नसेल तर बायपास करून घेऊ नका. सर्जनला खरं सांगा, स्लीव्हचा विचार करता येईल.

दुसरी गोष्ट गुडघ्याची. वजनदार माणसाचे गुडघे दुखतात आणि गावातल्या दवाखान्यात डायक्लोफेनॅकची सुई मिळते. जोडावर अल्सर करण्यात ही सुई तंबाखूच्या बरोबरीची. गोळीऐवजी इंजेक्शन घेतलं म्हणून पोट वाचत नाही, औषध रक्तातून तिथं पोचतंच. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन टाळायची, पॅरासिटामॉल चालतं. संधिवातासाठी अशी औषधं वर्षानुवर्षं घ्यावीच लागणार असतील, किंवा फिटची, मानसिक आजाराची, प्रत्यारोपणाची औषधं चालू असतील ज्यांचं शोषण बिघडून चालणार नाही, तर स्लीव्ह जास्त सुरक्षित. वारंवार मुतखडा होणाऱ्यांनीही बायपासआधी ते सांगावं, कारण बायपासनंतर खडे वाढतात.

सहावी पायरी: ताट आणि गोळ्यांचा डबा

रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. शिजलेल्या डाळीच्या वाटीत सहा-सात ग्रॅम असतात. नुसत्या डाळीवर ६० गाठायचे तर नऊ-दहा वाट्या लागतील, आणि पोटात मावते अर्धी वाटी. अंड्यात सहा ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, ५० ग्रॅम सुक्या सोयावडीत २५ च्या आसपास. पहिले काही महिने प्रथिनांची पावडर घ्यावीच लागते, तो खर्च आधी धरा.

चिकोडी, अथणी, निपाणी पट्ट्यात जैन कुटुंबं पुष्कळ आहेत. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्यांनी हा हिशेब ऑपरेशनआधी आहारतज्ज्ञांपुढे मांडावा. दिवसाला किमान दीड लिटर द्रव घोट-घोट घ्यायचा असतो. बारा तासांत तो बसवायचा तर तासाला १२५ मिली, म्हणजे चहाच्या लहान कपापेक्षा थोडं जास्त, आणि एक तासही चुकवायचा नाही. पहिल्या वर्षात निर्जळी उपास नकोतच. मुळात शाकाहारी माणसाचं बी१२ आधीच खाली असतं. त्यात बायपास केला तर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमची सुई किंवा रोजची गोळी जन्मभर.

मल्टीव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, व्हिटॅमिन डी आणि लोह, हे तिन्ही ऑपरेशनांत लागतं, बायपासमध्ये जास्त काटेकोरपणे. कॅल्शियम एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शोषलं जात नाही, म्हणून दोन-तीन वेळा विभागून घ्यायचं. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा आणि लोहावर लगेच चहा नको. पाळी जड जाणाऱ्या, हिमोग्लोबिन कायम नऊ-दहावर असणाऱ्या बाईनं मिनी बायपास निवडण्याआधी दहादा विचार करावा. लोह शोषणारा आतड्याचा पहिला भाग तिथं वगळलेला असतो. मूल हवं असेल तर ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने थांबावं लागतं. वजन उतरायला लागताच पीसीओएसवाल्या (संप्रेरकं बिघडून पाळी चुकणाऱ्या) मुलींची पाळी नियमित होते आणि दिवस राहू शकतात, म्हणून गर्भनिरोधनाचं आधी बोलून घ्या. बायपासनंतर नुसत्या गोळ्यांवर विसंबू नका.

गोड खाणाऱ्यांना एक इशारा. बायपासनंतर उसाचा रस, काकवी, कुंदा किंवा करदंट पोटात गेलं की दहा-तीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात पीळ असा त्रास होऊ शकतो. त्याला डंपिंग म्हणतात. काही जणांना त्याचा गोड सोडायला उपयोग होतो, पण त्या आशेवर ऑपरेशन निवडू नका, कारण सगळ्यांना डंपिंग होत नाही.

सातवी पायरी: कुठं करायचं

ऑपरेशन तीन-चार दिवसांचं, पाठपुरावा जन्माचा. खानापूरकराला बेळगाव हाकेच्या अंतरावर आहे. निपाणीकराला कोल्हापूर जवळ, अथणीकराला मिरज. सोयऱ्यांनी सांगितलं म्हणून पुण्यात ऑपरेशन करायचं आणि तपासणीला परत जायचंच नाही, यात सर्वांत जास्त नुकसान होतं. सर्जनला विचारा: तिन्ही ऑपरेशनं करता की एकच? आयसीयू, रात्री उपलब्ध असणारी टीम, आहारतज्ज्ञ आहेत का? पॅकेजमध्ये स्टेपलरची किती काडतुसं धरली आहेत आणि जास्त लागली तर कोण भरणार? ज्यांच्याकडे एकच ऑपरेशन होतं, ते सगळ्यांना तेच सुचवतील.

संमतीपत्र बहुतेक इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतं. कळत नसेल तर मराठीत वाचून सांगायला लावा, समजल्याशिवाय सही करू नका. डिस्चार्ज घेताना ऑपरेशन नोटची प्रत मागा. त्यात ऑपरेशनचं पूर्ण नाव आणि किती सेंटिमीटर वगळलं, ते आकड्यात हवं. पाकिटात एक कार्ड ठेवा, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत: कोणतं ऑपरेशन, कधी, डायक्लोफेनॅकसारखी औषधं देऊ नयेत, नाकातून नळी अंदाजानं घालू नये, सतत उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन (व्हिटॅमिन बी१) द्यावं. थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आठवी पायरी: आधीचे आणि नंतरचे आठवडे

आधी दोन आठवडे ८०० ते १००० कॅलरींचा आहार देतात. लठ्ठ माणसाचं यकृत चरबीनं फुगलेलं असतं आणि जठर त्याच्या मागे दडलेलं असतं. यकृत आकसलं की सर्जनला जागा मिळते. या काळात जत्रेचं मटण खाऊन येणारा स्वतःचंच ऑपरेशन अवघड करतो.

नंतर दोन आठवडे पातळ: ताक, साय काढलेलं दूध, गाळलेलं मुगाचं कढण, हुलग्याचं पातळ माडगं, नाचणीची पातळ आंबील. पुढचे दोन आठवडे वाटून मऊ केलेलं. मग अंडं, पनीर, मऊ डाळ. कोरडी भाकरी, चपाती आणि चिकट भात घशाखाली अडकतात, त्यांना घाई नको. भाकरी आली तरी आमटीत कुस्करून, प्रथिनांचे घास संपल्यावर. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबून. पित्ताशय शाबूत असेल तर भराभर वजन उतरताना खडे होतात, म्हणून सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड देतात, ते मध्येच बंद करू नका. रक्ततपासणी तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पडून असताना नाडी १२० च्या वर, ताप, वाढत जाणारं पोटदुखणं, डाव्या खांद्यात कळ, धाप, पोटरीला सूज, किंवा पाण्याचा घोटही न टिकणं, यांपैकी काहीही झालं तर गावात सलाइन लावून वाट बघू नका, त्याच रात्री ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात जा. अथणी, रामदुर्गकडच्या माणसांनी म्हणूनच पहिला आठवडा-दहा दिवस शहरात नातेवाइकांकडे काढावा. बायपासवाल्यांना आणखी एक गोष्ट वर्षा-दोन वर्षांनीही विसरून चालत नाही. वजन उतरल्यावर आतड्याभोवतीच्या फटी मोठ्या होतात आणि आतडं त्यात अडकू शकतं. जेवणानंतर बेंबीच्या वर पिळवटून येणारी, येऊन-जाऊन होणारी कळ हे त्याचं लक्षण. अशा वेळी सोनोग्राफी साफ आली तरी घरी परतू नका. सीटी स्कॅन करायला सांगा, आणि तो बायपास ओळखणाऱ्या सर्जनच्या नजरेखालून त्याच दिवशी जाऊ द्या.